तुपाचा डबा लॅबमध्ये नेला त्याची गोष्ट

मी डोंबिवलीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. बेसन लाडू, रवा लाडू, अनारसे, शंकरपाळे, दिवाळीला जास्त आणि एरवी डोहाळजेवण, बारसं असलं काय काय. सगळा खेळ तुपावर. म्हणजे बेसन कुठलंही चांगलं घेतलं, साखर घरी दळली, वेलची भरपूर घातली तरी तूप बोगस असेल तर लाडू बोगस. त्यामुळे भेसळीच्या संशयावरून मी तूप लॅबमध्ये तपासून घेतलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलंय की तू नक्की केलंस काय, कुठे गेलीस, काय मागितलंस.

सीझनला तूप १५ किलोच्या डब्यात घेते, होलसेलवाल्याकडून, बिलासकट. त्यावेळचा डबा उघडला तेव्हा वास असा काही सुटला की सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, छान आलंय गं यावेळी. रंग छान, रवाळ, सगळं फोटोत काढण्यासारखं. पण बेसन भाजायला घेतलं आणि पाचेक मिनिटांत तो वास गायब. आता ज्यांनी लाडू केलेत त्यांना माहितीये, उलट व्हायला पाहिजे, तूप तापलं, बेसन सुटायला लागलं की घरभर वास सुटतो, खालच्या मजल्यावरून विचारतात आज काय आहे म्हणून. इथे नुसता बेसनाचा वास, तुपाचा नाहीच. आणि लाडू वळून गार झाल्यावर खाल्ला तर टाळूला एक मेणासारखा थर बसतोय, जातच नाही, वर गरम चहा प्यायला तरी.

मग काय, सगळ्यांनी सांगितलेल्या घरगुती टेस्ट सुरू. तळहातावर घेऊन बघ, वितळलं तर शुद्ध. वितळलं. (कुठलाही मऊ फॅट तळहातावर वितळतो हो, अंगाचं तापमान ३७ असतं, ह्या टेस्टला काही अर्थच नाही, पण लोक अगदी शपथेवर सांगतात.) फ्रीजमध्ये काचेच्या ग्लासात ठेव, दोन थर दिसले तर खोबरेल मिसळलंय. एकच थर. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणून दोन थेंब टाक, निळं झालं तर उकडलेला बटाटा किंवा रताळं घातलंय. निळं नाही झालं. ही आयोडीनची टेस्ट खोटी नाहीये बरं का, एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या डार्ट नावाच्या पुस्तिकेतच आहे, पण ती फक्त स्टार्च दाखवते, तेल नाही दाखवत. आणि बाकी जे फॉरवर्ड फिरतात, तूरडाळीचं पीठ पनीरवर टाका, लाल झालं तर भेसळ वगैरे, त्यातलं मूळ भलतंच आहे, मूळ टेस्ट दुधातल्या युरियाची आहे आणि त्यात लाल लिटमस पेपर लागतो जो निळा होतो. फिरता फिरता लिटमस गळला आणि दुधाचं पनीर झालं.

शेवटची टेस्ट साखर आणि ॲसिडची. भाचा केमिस्ट्रीला आहे, त्याने कॉलेजच्या लॅबमध्ये करून बघितली, घरी करू नका कृपा करून, त्यात कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. वितळलेलं तूप, तेवढंच ॲसिड, चिमूटभर साखर, जोरात हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं, खालचा थर लालसर झाला तर वनस्पती तूप मिसळलंय. नाही झाला. भाच्याने मेसेज टाकला, मावशी तूप ओके आहे. सासूबाईंनी लाडू खाल्ला आणि ठेवून दिला. मी त्या लाडवावरच विश्वास ठेवला.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, सहकारी दूध संघात क्वालिटी कंट्रोलला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे वाटीभर तूप घेऊन गेले. त्यांनी बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला आणि पहिला प्रश्न, "केवढ्याला घेतलंस?" सांगितल्यावर हसले. म्हणाले, बाई, ६ टक्के फॅटचं म्हशीचं दूध धरलं तरी किलोभर तुपाला १६-१७ लिटर लागतं, आता फॅट काढलेल्या दुधाची पावडर होते, त्याचे पैसे वेगळे सुटतात, म्हणून १६ लिटरची किंमत सरळ तुपावर टाकायची नसते, पण तरी हा रेट बसतच नाही कुठल्या हिशोबात.

मग मी ती ॲसिडची टेस्ट सांगितली तर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून डोक्यातून जात नाही. ती टेस्ट म्हणजे बोडोइन टेस्ट, आणि ती वनस्पती तूप पकडत नाही, ती तीळ पकडते. सरकारनेच पूर्वीपासून नियम करून ठेवलाय की वनस्पती बनवणाऱ्याने त्यात निदान ५ टक्के तिळाचं तेल घालायचंच, चवीसाठी नाही, फक्त यासाठी की उद्या कोणी ते तुपात मिसळलं तर सापडावं. तिळातला एक पदार्थ ॲसिड आणि फरफ्युरल नावाच्या रसायनाबरोबर लाल रंग देतो, साखरेतून ॲसिडने तसलंच काहीतरी तयार होतं म्हणून घरगुती पद्धतीत साखर. किती हुशार आयडिया आहे ना? चोराच्या खिशात आधीच घुंगरू बांधून ठेवायचं. पण चोराने वनस्पती घेणंच सोडलं आणि थेट पामतेल, पाम स्टिअरिन (पामतेलाचा घट्ट भाग) घ्यायला लागला तर? त्यात तीळ घालायची सक्ती नाही. टेस्ट निगेटिव्ह येणार, दरवेळी, आणि आपण खूश. आणि रवाळपणाचं काय, तर स्टिअरिन हळूहळू गार केलं की त्यालाही छान कण पडतात. वास बाटलीतला. तो तापल्यावर उडतो, कारण तो तुपाचा नसतोच.

"लॅबला दे," काका म्हणाले, "पण त्यांना सांगून दे काय तपासायचं ते. नुसतं तूप टेस्ट करा म्हणालीस तर ओलावा आणि फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे तूप किती खवट झालंय ते, काढून देतील, दोन्ही पास होतील, आणि तू फ्रेम करून लावशील."

सॅम्पल काढायचं पण शास्त्र आहे. मी आपली वरून चमचाभर काढून बरणीत भरणार होते, काका म्हणाले थांब, डबा थोडा वेळ स्थिर राहिला की पातळ भाग वर आणि कण खाली बसतात, वरचं घेतलंस तर एक आकडा येईल, खालचं घेतलंस तर दुसरा. आख्खा डबा कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवला, मोठ्या डावाने ढवळला, आणि मग कोरड्या काचेच्या बरण्यांत भरला. पाण्याचा एक थेंब नको. एक बरणी लॅबला, तशीच दुसरी सील करून घरी ठेवली, दोन्हींवर डब्यावरचा बॅच नंबर, बिल नंबर, तारीख आणि काकांची नि माझी सही. हे घरचंच सील हं, कोर्टात वगैरे याला काही किंमत नाही, पण उद्या कोणी म्हणालं की तुम्ही दुसरंच तूप दिलं तर निदान दाखवायला काहीतरी.

लॅब निवडताना दोन गोष्टी बघितल्या, एनएबीएलचं ॲक्रेडिटेशन (लॅबला मिळणारी मान्यता) आहे का आणि एफएसएसएआयच्या यादीत नाव आहे का. आणि तिसरी जी काकांनी सांगितली, ॲक्रेडिटेशन सगळ्या टेस्टना सरसकट नसतं, स्कोप नावाची यादी असते, त्यात तुपाची ती विशिष्ट टेस्ट आहे का ते विचारायचं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला, पॅरामीटर? मी चिठ्ठीच नेली होती. बी आर रीडिंग, आर एम व्हॅल्यू, पोलेन्स्के (खोबरेल पकडायला), बोडोइन, फॅटी ॲसिड प्रोफाइल (कुठलं फॅटी ॲसिड किती टक्के), बीटा-सिटोस्टेरॉल (वनस्पती तेलात असतं ते). तिने वर बघून विचारलं, मॅडम तुम्ही डेअरीवाल्या का. नाही म्हटलं, लाडूवाली.

पैसे गेले बऱ्यापैकी, काही हजार. आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढ्यात दुसरा डबा आला असता की. आला असता, बरोबर आहे, पण तो तरी कसला आला असता?

तिरुपतीच्या लाडवांतल्या तुपाच्या भेसळीचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं ते आठवत असेल, त्यातल्या आणंदच्या एनडीडीबी काफ लॅबच्या रिपोर्टमध्ये एस-व्हॅल्यू म्हणून आकडे होते, म्हणून मी विचारलं ती पण करू का. तिथल्या केमिस्टने समजावलं की ती ट्रायग्लिसराइडवरून, म्हणजे फॅटच्या रेणूंवरून काढतात, तेलाबरोबर प्राण्यांची चरबीसुद्धा त्यात दिसू शकते, पण गाईचं खाणं वेगळं असलं, उपाशी असली किंवा तेलबिया जास्त खाल्ल्या तरी आकडे हलतात, त्या रिपोर्टवरच तशी तळटीप होती. टीव्हीवर कोणी ती तळटीप वाचलेली मला तरी आठवत नाही. तुम्हाला वनस्पती तेलाचा संशय असेल तर सिटोस्टेरॉल पुरे, म्हणाला.

आता रिपोर्ट. बरेच दिवस लावले त्यांनी, मधल्या काळात मी त्या तुपाला हात लावला नाही आणि ऑर्डरी दुसऱ्या, नेहमीच्या ब्रँडेड तुपात केल्या, नफा गेला त्यात, असो. पीडीएफ उघडला तर पहिल्या ओळी सगळ्या गोड. ओलावा मर्यादेत. फ्री फॅटी ॲसिड मर्यादेत. बोडोइन निगेटिव्ह, माहितीच होतं. बी आर रीडिंग ४३.२, म्हणजे ४० ते ४४ च्या आत. इथपर्यंतच टेस्ट केली असती तर माझं तूप शुद्ध होतं. बी आर म्हणजे तुपातून प्रकाश किती वाकतो ते मोजतात, शेंगतेलाचा आकडा ५४ च्या पुढे, खोबरेलाचा ३५ च्या आसपास, म्हणजे एक चढवणारं आणि एक उतरवणारं तेल मापात मिसळलं तर बी आर बरोब्बर तुपाचा येतो. ज्याला धंदाच करायचाय त्याच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच.

मग आर एम, १९.८. हा आकडा तुपात ब्युटिरिकसारखी उडणारी, पाण्यात विरघळणारी ॲसिडं किती त्याचा. ही ॲसिडं दुधाच्या फॅटची खूण, पामतेलात जवळजवळ नाहीतच. ॲगमार्कला २८ तरी लागतो. फॅटी ॲसिड प्रोफाइलमध्ये ब्युटिरिक २.३ टक्के, तुपात साधारण ३ ते ४ असतं, आणि पामिटिक ३३ टक्के, जरा वरच. आणि खाली शेवटच्या ओळीत, बीटा-सिटोस्टेरॉल, प्रेझेंट.

होलसेलवाल्याला फोन केला. आधी म्हणाला ताई लॅबवाले काही पण लिहितात. मग आकडे वाचून दाखवल्यावर एकदम दुसरा सूर, "ताई ते विदर्भातलं तूप आहे, तिकडे जनावरांना सरकी घालतात, त्याने आर एम कमी येतो, नियमातच आहे." आणि गंमत म्हणजे हे खरंय! सरकी पेंड खाणाऱ्या जनावरांच्या तुपात बी आर वर जातो आणि आर एम खाली येतो, म्हणून कॉटन ट्रॅक्ट म्हणून अशा भागांसाठी वेगळ्या मर्यादा ठरवलेल्या. म्हणजे शेठला विषय पक्का माहीत होता, तयारीचं उत्तर होतं ते. मी काकांना कॉन्फरन्सवर घेतलं. काका शांतपणे म्हणाले, सरकीच्या भागालासुद्धा आर एम २१ लागतो आणि तुमचा त्याच्याही खाली आहे, ते एक सोडा, पण सिटोस्टेरॉल कुठून आलं? ते झाडाचं कोलेस्टेरॉल आहे, म्हैस सरकी खाऊ दे नाहीतर ऊस, तिच्या आतड्यातून ते नावापुरतंच आत जातं, दुधाच्या फॅटमध्ये कोलेस्टेरॉल असतं. तुपात असं ठसठशीत सिटोस्टेरॉल दिसलं म्हणजे ते म्हशीच्या पोटातून नाही, डब्यात वरून पडलंय. पलीकडे थोडा वेळ शांतता आणि मग, "ताई डबा परत पाठवा, पैसे देतो." मी डबा परत दिला नाही. घरात यावरून भांडण झालं, ते लिहीत नाही.

पुढे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार. हेल्पलाइन आहे १८००-२२२-३६५, फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरूनही करता येते, मी लेखी दिली, बिलाची झेरॉक्स, रिपोर्ट आणि डब्याच्या लेबलचे फोटो लावून. लेबलवरच्या लायसन्स नंबरचं एक सांगते, हा १४ आकडी असतो, १ ने सुरू झाला तर लायसन्स, २ ने झाला तर माझ्यासारखं छोटं रजिस्ट्रेशन, त्यापुढचे दोन आकडे राज्याचे, म्हणजे ११५ दिसलं की महाराष्ट्र आणि १०० असेल तर सेंट्रल. फॉसकॉस या एफएसएसएआयच्या लायसन्सच्या साइटवर टाकला की नाव, पत्ता, कशाचं लायसन्स ते येतं. माझ्या डब्यावरचा नंबर खरा निघाला, पण ट्रेडरचा, विक्रीचा. पॅकिंगचा नाही. मग डबा भरला कोणी?

अन्न सुरक्षा अधिकारी ज्या भेटल्या त्या नीट ऐकून घेणाऱ्या होत्या, पण पहिलंच वाक्य, तुमच्या प्रायव्हेट रिपोर्टवर आम्हाला केस करता येत नाही. का, तर सॅम्पल तुम्ही काढलंय. रिपोर्टवर लॅबनेच छापलेलं असतं, मिळालेल्या नमुन्यापुरतं. कायद्याप्रमाणे कलम ४७ खाली त्यांनी स्वतः दुकानात जाऊन, नोटीस देऊन, पंचांसमोर सॅम्पल घ्यायचं, त्याचे चार भाग करून सील करायचे, एक फूड ॲनालिस्टकडे (सरकारने नेमलेला तपासणारा), दोन त्यांच्या वरच्या ऑफिसरकडे, आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा ॲक्रेडिटेड लॅबला. ॲनालिस्टने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा. मग दुकानदाराला ३० दिवस अपिलाला, अपील केलं की राखून ठेवलेला भाग रेफरल लॅबला. ऐकताना कंटाळा येतो पण मला ते पटलं, कारण उद्या माझ्याच लाडवांवर कोणी असा घरून काढलेला रिपोर्ट आणला तर?

त्यांनीच सांगितलं की गिऱ्हाइकाला स्वतःलाही फूड ॲनालिस्टकडून तपासून घेता येतं, कलम ४०, फी भरायची, माल नापास झाला तर फी परत. नापास झाला तर ॲनालिस्ट अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरच्या ऑफिसरला थेट रिपोर्ट पाठवतो. पण अट अशी की माल घेतानाच दुकानदाराला सांगायचं, मी हे तपासायला नेतेय. मी हसलेच. असं सांगितल्यावर कुठला माणूस मला तो डबा काढून देईल? मागच्या खोलीतून चांगलाच काढेल ना. त्या पण हसल्या, म्हणाल्या, कायदा आहे.

आणि एक गोष्ट त्यांनी विचारली ती जास्त महत्त्वाची होती, बिल आहे ना? हो म्हटलं. कारण मी पण कायद्याने फूड बिझनेसवालीच आहे. त्या तुपाचे लाडू मी विकले असते आणि कोणी माझं सॅम्पल उचललं असतं तर जबाबदार मी. ज्याने मला माल दिला त्याने लेखी गॅरंटी द्यायची असते, फॉर्म ई, आणि पक्कं बिल हीच ती गॅरंटी धरतात. जीएसटी वाचतोय म्हणून कच्च्या चिठ्ठीवर तूप घेणाऱ्या किती जणी आहेत आमच्यात, मला माहितीये, नावं घेत नाही.

त्या दुकानावर जाऊन सॅम्पल घेतलं गेलं, तोपर्यंत माझ्या बॅचचे डबे संपलेले होते अर्थातच, जे होतं त्यातून घेतलं. सबस्टँडर्ड, म्हणजे ठरलेल्या दर्जापेक्षा कमी, ठरलं तर ५ लाखांपर्यंत दंड, तुरुंग नाही, तो अनसेफ, म्हणजे खाण्यास धोकादायक, ठरलं तर. पामतेल खाऊन कोणी लगेच आजारी पडत नाही त्यामुळे अनसेफ ठरणं अवघड, आणि हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. प्रकरण अजून चालू आहे, मला पुढची तारीख वगैरे कोणी कळवत नाही, मीच मधूनमधून विचारते.

सध्या तूप मी स्वतः कढवते. डेअरीतून पांढरं लोणी आणते, ताजं, आणि मोठ्या पातेल्यात मंद आचेवर, बेरी बदामी होईपर्यंत. लोण्यातही भेसळ होऊ शकते, हो, माहितीये, म्हणून पहिल्यांदा घेतलेल्या लोण्याचं तूप करून त्याची एकदा सिटोस्टेरॉल टेस्ट करून घेतली, फक्त तेवढी एकच, मग परवडते. ॲबसेंट आलं. लाडवाचा रेट किलोमागे वाढवावा लागला आणि दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली, एका काकूंनी तर तोंडावर सांगितलं की अमुकतमुक बाई तुझ्यापेक्षा दीडशे रुपयांनी स्वस्त देते आणि तिच्या तुपाला वास किती छान येतो. कोणाकडून घेते ती तूप, असं विचारलं मी. त्याच शेठकडून.